पिवळ्या पाटीची अर्टिगा

पहाटे 4.30
श्रावणी सोमवार म्हणजे परभणीत गाडीवाल्यांची सुगी. औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही दोन ज्योतिर्लिंगं एका दिवसात करायची, म्हणून लोक आठवडाभर आधीच गाडी सांगून ठेवतात. औंढा 1999 मध्ये हिंगोली जिल्ह्यात गेलं आणि परळी तर बीडचीच, पण आमच्याकडच्या माणसाला ती दोन्ही घरचीच वाटतात. एसटी आहे, मात्र गुडघे धरलेल्या आईला घेऊन दोन-तीन बस बदलणं सोपं नाही.

गाडी मी घरासाठी घेतली होती. नव्या मोंढ्यातल्या खत-बियाण्याच्या दुकानातून मला सवड कुठली? गाडी दारात उभी राहायची आणि हप्ता तेवढा वेळेवर जायचा. म्हणून ती भाड्याने द्यायचं ठरलं.

निघण्याआधी मोबाइलच्या उजेडात चारी बाजूंचे फोटो घेतो. किलोमीटरचा आकडा वहीत मांडतो. स्टेपनीतली हवा, जॅक, प्रथमोपचाराची पेटी आणि कागदपत्रांची फाइल तपासतो. शेवटी ड्रायव्हरशी दोन मिनिटं बोलतो, कारण जांभई बोलताना लपत नाही. झोप झाली नसेल तर गाडी निघत नाही, मग गिऱ्हाईक कितीही रागावू दे. आज तो ताजा आहे. वसमत रोडवरच्या एका कुटुंबाला घेऊन सव्वापाचला निघाला.

सकाळी 8
औंढ्याहून फोन. "मालक, लाइन लई मोठी हाय. आजीला खाली उतरवावं का नाही, इचारू लालेत." नागनाथाचा गाभारा जमिनीच्या पोटात आहे. वाट अरुंद, उतरताना वाकावं लागतं. मी सांगितलं, आजींना वरूनच हात जोडू दे, घाई करू नको, परळीला उशीर झाला तरी चालेल. भाडं ठरवतानाच थांबण्याचे तास मोकळे ठेवतो. देवाच्या दारात घड्याळ दाखवणारा गाडीवाला लोकांना आवडत नाही, मलाही नाही.

सकाळी 10.30
दुकान उघडून फवारणीची औषधं देता देता भाड्याचे फोन घेतो. लग्न, पेशंटला नांदेडला दाखवणं, मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसने येणाऱ्या जावयाला स्टेशनवरून गावी सोडणं, असलं काहीबाही असतं. पहिला प्रश्न एकच असतो, "किलोमीटरला किती?" माझा दर 13 रुपये, दिवसाला किमान 250 किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. महाग वाटतं, हे खरं. पण पेट्रोल आमच्याकडे पूर्वीपासून महाग. 2018 च्या सप्टेंबरात ते नव्वदीला टेकलं तेव्हा परभणीचं नाव देशभर झालं. मनमाडच्या डेपोतून टँकर तीनशेहून अधिक किलोमीटर येतो, त्याचं वाहतूकभाडं शेवटी आमच्याच टाकीत पडतं.

दुपारी 12.30
विशी-बाविशीचा एक मुलगा दुकानात आला. समृद्धी महामार्गावरून मुंबईला जायचंय, मित्र चौघे, गाडी दोन दिवस हवी, पण ड्रायव्हर नको. आधार कार्ड ठेवतो, मोटारसायकल ठेवतो, दिवसाला 3,000 देतो म्हणाला. मुलगा चांगल्या घरचा दिसत होता, लायसन्सही होतं. मी नाही म्हटलं आणि का नाही म्हटलं तेही त्याला समोर बसवून सांगितलं.

गावात असा व्यवहार रोज होतो. पांढऱ्या पाटीची घरची गाडी, ओळखीच्याच्या ओळखीतला माणूस, रोख पैसे. तो सुरळीत पार पडतो तोवर कुणाला काही वाटत नाही. पण खाजगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही. भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाई मालकाच्या डोक्यावर येते. परमिटशिवाय भाडं मारलं तर मोटार वाहन कायद्याच्या 192 अ कलमाखाली 10,000 रुपये दंड आहे. चालवणारा अल्पवयीन निघाला तर 199 अ कलमात मालकाला तुरुंगसुद्धा आहे. समृद्धीवर ताशी 120 ची मर्यादा ओलांडली तर चलान मोटारसायकल ठेवून गेलेल्याला येत नाही, गाडी ज्याच्या नावावर त्याला येतं.

चालकाशिवाय गाडी देण्याचा धंदा कायद्यात आहे, पण त्याची पाटी वेगळी, काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं. 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेप्रमाणे त्याला किमान 50 गाड्यांचा ताफा लागतो. दारात एक अर्टिगा असलेल्याला तो रस्ता बंद आहे. म्हणून मी ड्रायव्हरसकट भाड्याने द्यायच्या गाडीची पिवळी पाटी करून घेतली. बँकेची ना-हरकत, आरटीओचा कर, फिटनेस, पर्यटक परमिट, विम्याचा वाढीव हप्ता, लोकेशन दाखवणारं यंत्र, ताशी 80 वर अडवणारा स्पीड गव्हर्नर. खर्च झाला आणि विकताना गाडीची किंमत पडणार, तेही ठाऊक आहे. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस काढायचं, पुढे दरवर्षी. मला हे सगळं जाचक वाटत नाही. माझ्या गाडीत परक्यांची लेकरं बसतात, तेव्हा तिची तपासणी व्हायलाच हवी.

मुलगा थोडा हिरमुसला. "मग ड्रायव्हरसकट द्या, काका," म्हणाला. घरच्यांना विचारून कळवतो म्हणून गेला.

दुपारी 3.30
गंगाखेडहून फोन. परळी आटोपली, आता गोदावरीकाठी जनाबाईच्या मंदिरात थांबलेत. मागच्या सीटवरचे दादा गाडी पळत नाही म्हणून कुरकुरतायत. मी फोन स्पीकरवर घ्यायला लावून त्यांना सांगितलं, "दादा, ऐंशीच्या वर ती जातच नाही. आणि पावसाळ्यात गंगाखेडच्या रस्त्यावर त्याहून जास्त पळवूही नये."

संध्याकाळी 6.45
गाडी परत आली. पुन्हा फोटो, पुन्हा आकडा. मधल्या सीटखाली बेलाची पानं आणि सांडलेल्या साखरफुटाण्यांचा चुरा. डाव्या मागच्या दाराच्या कडेला एक बारीक ओरखडा. सकाळच्या फोटोत तो होता, त्यामुळे कुणाला बोल लावायचं कारण उरलं नाही. फोटोंचा खरा उपयोग पैसे वसुलीला नसून भांडण टाळायला होतो.

हिशेब असा: 235 किलोमीटर झाले, किमान धरून 3,250 रुपये आले. पेट्रोल 1,750, ड्रायव्हरचा रोज 700. भत्ता त्याचा त्यालाच. हाती राहिले 800, त्यातून टायर, सर्व्हिसिंग, विमा आणि हप्ता. ज्याला वाटतं की गाडी भाड्याने लावली की घरबसल्या पैसे येतात, त्याने आधी अशी वही घालावी. सुगीत हप्ता निघतो. पितृपक्षात लग्नं नसतात, तेव्हा दुकानाचे पैसे गाडीत घालावे लागतात.

रात्री 9.20
पेशंटला लगेच नांदेडला न्यायचंय, असा फोन. छातीत दुखतंय म्हणाले. आधी 108 ला फोन लावा, ती रुग्णवाहिका फुकट येते, तिच्यात ऑक्सिजन असतो, माझ्या गाडीत नसतो, हे सांगितलं. त्यांनी लावला आणि रुग्णवाहिका निघाल्याचं कळवलं. मागून नातेवाइकांना जायचं होतं. आमचा ड्रायव्हर पहाटेपासून रस्त्यावर, त्याला आता पुन्हा पाठवणं मला पटत नाही. जिंतूर रोडवरच्या दुसऱ्या पिवळ्या पाटीवाल्याला फोन करून भाडं त्याला दिलं. उद्या मानवतचं साखरपुड्याचं भाडं आहे, दहा वाजता, जास्त लांब नाही. त्याआधी डाव्या चाकाची हवा पुन्हा बघायची आहे.