मजूर खात्याच्या दारातून आलेला दवाखाना (लेखांक ६)

जुलै १९४२ मध्ये बॅरिस्टर आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, तेव्हा सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे प्रांतांचे विषय होते. दिल्लीला तिथे थेट हात घालता येत नव्हता. १९३५ च्या कायद्यातल्या समवर्ती सूचीत मात्र मजूरकल्याणाच्या नोंदीतच आरोग्य विमाही बसवलेला होता. औषधपाणी प्रांताकडे, पण आजाराचा विमा केंद्रालाही करता येणारा. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या विधेयकाची बाजू लढवलेल्या वकिलाकडे नेमके हेच खाते आले.

मार्च १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. अदारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितले आणि १५ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांचा अहवाल आला. ब्रिटनमधल्या सामाजिक विम्यावरच्या बेव्हरिज अहवालाची तेव्हा एवढी चर्चा होती, की अदारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ नाव पडले. विधेयक नोव्हेंबर १९४६ मध्ये मांडले गेले, तोवर खाते जगजीवन राम यांच्याकडे गेले होते. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा झाला १९४८ साली. श्रेय एकट्या आंबेडकरांना देण्याची रीत आहे. अदारकरांचा वाटा त्यात उगाच झाकला जातो.

विम्याचा पैसा केंद्राच्या महामंडळाकडे आणि दवाखाने बव्हंशी राज्य सरकारांकडे, ही आजची विभागणीही १९३५ च्या त्या वाटणीतून आलेली. योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली.

चलथाणच्या एका वाचकाचा प्रश्न इथे येतो: कापड मिलवाल्याला ईएसआय, मग साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराला का नाही? उधना-जळगाव मार्गावरच्या या गावाभोवती दोन्ही धंदे आहेत आणि दोन्हीकडे खानदेशी माणसे. मिलमध्ये १६,००० पगार असला, तर कामगाराचे पाऊण टक्क्याने १२० रुपये कापले जातात आणि मालक सव्वातीन टक्क्यांनी ५२० भरतो. १९४८ च्या कायद्याने मात्र हंगामी कारखाने वगळले आणि त्यांच्या यादीत साखर व गूळ नावानिशी होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांची सूट ठेवली.

कारण हिशेबाचे. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर आजारपणाचा भत्ता मिळतो तो पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये. गाळप संपवून गावी गेलेला कामगार तेव्हा बराच काळ शेतात असतो. त्याला तपासायचे कोणत्या दवाखान्यात, भत्ता कोणत्या पगारावर द्यायचा, हे १९४८ साली अवघडच होते. आज विमा क्रमांक देशभर चालतो, त्यामुळे ही सबब लंगडी पडली आहे. ऊसतोड्याची गोष्ट तर त्याहून वाईट: तो कारखान्याच्या हजेरीपटावरच नसतो, त्याचा व्यवहार मुकादमाशी.

खाणकामगारांच्या कल्याणनिधीचा कबूल केलेला विषय वाचकाच्या या प्रश्नामुळे पुढच्या आठवड्यावर गेला आहे.