आधी खडक, मग वाळू

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी मांडताना आपले लक्ष रंगीबेरंगी माशांकडे असते. परंतु टाकीची आणि कुटुंबाची सुरक्षितता तळाच्या रचनेवर अवलंबून असते, हे ध्यानात ठेवा.

खडक वाळूवर रचू नका. काही गोबी मासे व पिस्तूल कोळंबी वाळू उकरून बिळे करतात. आधार निसटला की खडक घसरतो. मासा चिरडतो, प्रसंगी काचही तडकते. म्हणून रिकाम्या टाकीत प्रथम रुंद, सपाट खडक थेट तळावर टेकवा आणि त्यांवर लहान खडक बसवा. हाताने हलवून पाहा. डळमळत असतील तर पुन्हा रचा. काचेपासून थोडे अंतर राखा. त्यानंतरच धुतलेली वाळू सभोवती ३ ते ५ सेंटीमीटर पसरा. पाणी ताटलीवर हळूहळू ओता, म्हणजे वाळू उसळणार नाही.

समुद्री जीव चिकटलेला खडक स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळू नका. झोअँथिड नावाच्या काही प्रवाळसदृश जीवांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. ते वाफेबरोबर श्वासात गेल्यास ताप, खोकला व धाप लागते. घरातील सर्वांनाच बाधा होऊ शकते. असा खडक ब्रशने कोरडा घासणेही टाळा. हातमोजे व चष्मा वापरा, हाताला जखम असल्यास टाकीत हात घालू नका आणि मुलांना दूर ठेवा. त्रास जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठा व खडक हाताळल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.