स्लॅबच्या पोटातला फॅन बॉक्स

सेंट्रिंगच्या प्लेटांवर सळई बांधून झाली की वायरमनला स्लॅबवर काम करायला फार थोडा वेळ मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर येणार असतो. तेवढ्या वेळात तो सळईच्या जाळीतून पीव्हीसी पाइप नेतो, फॅन बॉक्स तोंड खाली करून प्लेटवर बसवतो, त्यांचा हूक सळईला बांधतो आणि काँक्रीटचं पाणी आत शिरू नये म्हणून बॉक्समध्ये सिमेंटच्या पोत्याचा कागद कोंबतो. मग माल पडतो, व्हायब्रेटर फिरतो, सेंट्रिंग उतरतं, गिलावा होतो, पुट्टी आणि रंग चढतो. गवंड्याने एखाद्या बॉक्सच्या तोंडावरूनही थापी फिरवली, तर तो बॉक्स त्या घरातल्या माणसांसाठी संपलाच.

साताऱ्यात गोडोलीकडच्या एका घरात असा हरवलेला बॉक्स शोधण्याचं काम मला जवळून पाहायला मिळालं. हॉल मोठा, पंखा एकच, तोही एका बाजूला. दुसऱ्या पंख्याचा पॉइंट स्लॅब टाकतानाच काढला होता, एवढं घरमालक काकांना पक्कं आठवत होतं. "हॉलचा मध्य काढा की, तिथंच असणार," ते म्हणाले. काम करायला आलेल्या, आयटीआयतून वायरमनचा ट्रेड केलेल्या मिस्त्रींनी मान हलवली. "आत्ताच्या हॉलचा मध्य न्हवं, काका. स्लॅब पडला तवा हितं भिंत कुठं होती, ते सांगा." जेवणघराची भिंत मागे घेतल्याचं मग काकूंना आठवलं. बॉक्स बसतो तो नकाशातल्या खोलीच्या मध्यावर. खोली पुढे वाढते किंवा आक्रसते, बॉक्स जागचा हलत नाही. या कामातलं निम्मं कसब, माझ्या मते, हा प्रश्न विचारण्यातच आहे.

शिडी लावण्याआधी मिस्त्रींनी मेन स्विच पाडला आणि मग इन्व्हर्टरही बंद केला. इन्व्हर्टर असलेल्या घरांत बहुधा लाइट आणि पंखे त्याच्यावर असतात. मेन बंद झाला की महावितरणची वीज जाते, पण इन्व्हर्टर त्याच क्षणी सुरू होऊन छतातल्या वायरींत 230 व्होल्ट पाठवतो. अंधारात वर हात घालणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही.

स्विचबोर्ड खोलल्यावर मागे तीन पाइपांची तोंडं दिसली. दोनांत वायरी होत्या, तिसरा रिकामा. त्यात फिश वायर, म्हणजे पाइपातून वायरी ओढायची लवचीक तार, सरकवली. ती वर चढली, बेंडमधून वळली आणि एका जागी ठोकर खाऊन थांबली. बोर्डाच्या तोंडाशी वायर नखाने धरून मिस्त्रींनी ती बाहेर ओढली आणि टेप लावला. 16 फूट भरली. बोर्डापासून छतापर्यंत 6 फूट, म्हणजे स्लॅबमध्ये पाइप 10 फूट गेलेला. भिंतीत पाइप उभा असतो. स्लॅबमध्ये मात्र वायरमन काटकोन करत बसत नाही, पाइप वाचवायला जवळच्या वाटेने तिरका नेतो. त्यामुळे भिंतीला समांतर मापून उपयोग नव्हता. पाइप छताला भिडतो तिथे सुतळीचं एक टोक धरलं आणि 10 फुटांवर पेन्सिल बांधून छतावर कमान काढली. जुन्या खोलीचा मध्य त्या कमानीच्या थोडा आतच पडत होता. बेंडच्या वळणात वायरीचं थोडं माप जातं, तेव्हा हा फरक बरोबरच होता.

पुढचं काम लोहचुंबकाचं. स्लॅबच्या सळईला खालून साधारण 20 मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर असतं, त्याखाली गिलावा. एवढ्या जाडीतून छोटा चुंबक सळईला धरत नाही. फॅन बॉक्सची पत्र्याची कड मात्र प्लेटला टेकलेली असते, तिच्यावर फक्त गिलावा. दोऱ्याला बांधलेला चुंबक छताखालून फिरवताना एका जागी ओढला गेला. तिथे बॅटरीचा झोत छताला घासून आडवा टाकला, तेव्हा दिवसाच्या उजेडात न दिसलेला गोल फुगवटा सावलीसह उठून आला. मग पेचकसाच्या मुठीने ठोकणं. भोवती टणटण, मध्ये डबडब. छन्नीचे चार हलके घाव बसले आणि गिलाव्याच्या खपलीमागून पोत्याचा कागद बाहेर आला.



सांगलीत विश्रामबागच्या एका फ्लॅटमध्ये अडचण वेगळी होती. फॉल्स सीलिंगमधल्या दिव्यांपैकी अर्धे एकदम गेले होते. स्प्रिंगचे लाइट हाताने खाली ओढले की खाचेतून त्यांचा ड्रायव्हरही बाहेर येतो. ड्रायव्हर चांगले निघाले. टेस्टर पेटत होता, पण टेस्ट लॅम्प लागत नव्हता. तोच लॅम्प वेगळ्या सर्किटच्या न्यूट्रलवर टेकवला की लागत होता. म्हणजे फेज येत होता, न्यूट्रल तुटला होता. नुसत्या टेस्टरवर विसंबणारा इथे सगळे ड्रायव्हर बदलून मोकळा झाला असता. लागणारा शेवटचा दिवा आणि न लागणारा पहिला दिवा यांच्यामध्ये खाचेतून मोबाइल घालून व्हिडिओ काढला. जीआय चॅनलवर वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेला जोड पडला होता. टेप वाळून सुटलेला, तांबं काळं झालेलं. जोड तपासायला हात पोहोचला पाहिजे, हा वायरिंगच्या भारतीय मानकाचा, आयएस 732 चा आग्रह आहे. त्या सीलिंगला एकही झडप नव्हती. जिप्सम बोर्ड कापावा लागला.

सांगलीत बॉक्स किंवा जोड न सापडणं नुसतं गैरसोयीपुरतं राहत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे 45 फूट आहे. 2021 मध्ये पुन्हा महापूर आला. पाणी बोर्डांच्या वर चढलं की ते पाइपांत शिरतं आणि ओसरल्यावरही खोलगट भागात गाळासकट साचून राहतं. भिंत कोरडी दिसते, वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या 500 व्होल्टच्या मेगरवर मात्र रीडिंग एक मेगओहमच्या खाली येतं. अशा वेळी जुन्या वायरी ओढून पाइप साफ करायला प्रत्येक बॉक्स सापडावा लागतो. तो न सापडल्यामुळे ओल्या वायरीवर मेन चालू करणं जिवावर बेतू शकतं.

तुमचं बांधकाम सुरू असेल तर स्लॅबचा माल पडण्याआधी वर जा. प्रत्येक बॉक्सपासून दोन भिंतींपर्यंत टेप धरा आणि टेपचे आकडे दिसतील असे फोटो काढा. फॉल्स सीलिंग बंद होण्याआधीही तेच करा आणि जोडांच्या खाली फूटभर चौरस झडप ठेवायला सांगा. मापांचा कागद प्लास्टिकमध्ये घालून मेन बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा. पूररेषेत राहत असाल तर त्याची एक प्रत वरच्या मजल्यावर ठेवा.