घास उतरेपर्यंत

बाळकुम गावठाणातल्या एका घरात दुपारचं जेवण चाललंय. खुर्चीत ताठ बसलेले सासरे, समोर बुटक्या स्टुलावर सून. भरवणारं माणूस उभं राहिलं की जेवणाऱ्याची मान वर होते, म्हणून हे स्टूल. हातात चहाचा चमचा, तोही अर्धाच भरलेला.

"बाबा, हनुवटी खाली. हां, गिळा आता."

तिचं सगळं लक्ष कंठमण्यावर. तो वर सरकून खाली आला, तरच पुढचा घास.

बाबांच्या पक्षाघातानंतर या घराने धास्ती घेतली ती पाण्याची. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेचं दार मिटतं, श्वास क्षणभर थांबतो. ही वेळ चुकली की पातळ पाणी दार मिटायच्या आत शिरतं. म्हणून पाणीसुद्धा पावडर घालून दाट करायचं. किती दाट, ते स्पीच थेरपिस्टने मोजायला शिकवलंय. सुई नसलेली १० मिलीची सिरिंज टोकाला बोट लावून भरायची, बोट काढून १० सेकंद थांबायचं. ४ ते ८ मिली उरलं तर 'इड्सी' या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरची पातळी २. बाबांना तीच सांगितलीय.

आगरी घर, त्यामुळे खरी पंचाईत भात-कालवणाची. भातावर पातळ कालवण ओतलं की रस आधी घशात धावतो, शितं तोंडातच राहतात. मग मासा काट्यासाठी दोनदा चाचपून, भात-कालवण एकत्र घोटायचं. गुळगुळीत, पण चिकट गोळा होणार नाही असं. कालवणाचा मसाला मात्र रोजचाच. चवीवर ती अडून बसते, आणि मला ते पटतं. नुसत्या पेजेवर ठेवलेला माणूस जेवणावरूनच उठतो.

ठसका लागला तर निदान कळतं तरी. काहींच्या श्वासनलिकेत अन्न जातं आणि खोकलाही येत नाही. पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून ती मधूनच "आ" म्हणायला लावते. आवाज ओलसर, घरघरता आला की चमचा खाली. जेवण आटोपल्यावर लुळ्या बाजूच्या गालात राहिलेलं अन्न काढून तोंड स्वच्छ करायचं आणि अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही.

शेजारच्या काकू त्यांच्या आईसाठी थोडी पावडर मागायला आल्या. सुनेने दिली नाही. "आधी तपासून घ्या, काकू. घसा नेमका कुठे अडतोय ते बघतात. आमच्या बाबांना हनुवटी खाली घ्यायला सांगितलीय, तुमच्या आईंना ते चालेलच असं नाही." आणि थेरपिस्टचा नंबर लिहून दिला.