विश्लेषण : ७ टक्के, १४० टक्के की ६.६७ टक्के? ‘ग्रोथ’च्या भाषेत नेमके काय वाढते?

दुकानाच्या पाटीवर ‘अप टू ५० टक्के ऑफ’, बँकेच्या एसएमएसमध्ये ‘बेसिस पॉइंट्स’, गुंतवणुकीच्या जाहिरातीत ‘सीएजीआर’ आणि बातमीत ‘एक्स्पोनेन्शियल ग्रोथ’. वाढ-घट सांगणारे हे इंग्रजी शब्द सोलापूरच्या नवी पेठेतल्या व्यवहारातही आता रुळले आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात ‘रेट’, ‘मार्जिन’, ‘डिस्काउंट’ हे शब्द सगळ्यांनाच समजतात. पण शब्द समजला म्हणजे आकडा समजला असे नाही. एका शब्दाच्या फरकाने हप्ता, कर आणि नफा यांचा हिशेब कसा बदलतो, ते पाहू.

एकाच करवाढीचे तीन आकडे कसे?

वस्तू आणि सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२१ मध्ये कापड आणि तयार कपड्यांवरील कराचा दर ५ वरून १२ टक्के करण्याचे ठरवले होते. १ जानेवारी २०२२ पासून तो लागू होणार होता. देशभरातील कापड व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी झालेल्या ४६ व्या बैठकीत परिषदेने हा निर्णय पुढे ढकलला. कापडाची बाजारपेठ असलेल्या नवी पेठेसाठी हा जिव्हाळ्याचा विषय होता.

ही वाढ किती होती? ५ वरून १२, म्हणजे ७ ‘पर्सेंटेज पॉइंट’, मराठीत ७ टक्केबिंदू. पण १००० रुपयांच्या शर्टावर ५० रुपये असलेला कर १२० रुपये झाला असता. म्हणजे कराची रक्कम १४० टक्क्यांनी वाढली असती. गिऱ्हाईकाच्या बाजूने पाहिले तर १०५० रुपयांचा शर्ट ११२० रुपयांना पडला असता, म्हणजे किमतीतली वाढ ६.६७ टक्के. ७, १४० आणि ६.६७ हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. वाढ सौम्य दाखवायची असेल तर एक पुढे केला जातो, भयंकर दाखवायची असेल तर दुसरा. म्हणून ‘टक्के’ ऐकले की कशाचे टक्के, हा पहिला प्रश्न.

‘बेसिस पॉइंट’ म्हणजे काय आणि तो हप्त्यात कसा शिरतो?

एका टक्केबिंदूचा शंभरावा भाग म्हणजे एक बेसिस पॉइंट. २५ बेसिस पॉइंटला मराठीत सरळ ‘पाव टक्का’ म्हणतात आणि ५० ला ‘अर्धा टक्का’. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे अपूर्णांकांचे नेमके शब्द मराठीत आधीपासूनच आहेत.

रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर गेला. ही वाढ २५० बेसिस पॉइंटची, म्हणजे बोलण्यात ‘अडीच टक्क्यांची’. ऐकायला किरकोळ वाटते. पण मूळ दर ४ होता, त्यावर अडीचची भर म्हणजे दरात ६२.५ टक्के वाढ.

याचा घरातला अर्थ काय? २० लाख रुपयांचे गृहकर्ज, मुदत २० वर्षे आणि व्याज ७ टक्के धरले तर मासिक हप्ता साधारण १५,५०६ रुपये येतो. त्याच रकमेवर आणि मुदतीवर व्याज ९.५ टक्के झाले तर हप्ता १८,६४३ रुपये होतो. म्हणजे ‘अडीच टक्के’ वाढीने हप्ता सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य निर्देशांकाशी जोडलेली असल्याने हा बदल कर्जदारापर्यंत लवकर पोहोचतो. अनेकदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते. तेव्हा दरमहा कापली जाणारी रक्कम बदलत नाही, पण भरायचे एकूण व्याज वाढते.

महागाई घटली तरी भाव का उतरत नाहीत?

‘इन्फ्लेशन’ म्हणजे भाव नव्हे, भाव वाढण्याचा वेग. देशातील किरकोळ महागाईचा दर ऑक्टोबर २०२४ मध्ये ६.२१ टक्के होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो ०.२५ टक्क्यावर आला. ‘महागाई घसरली’ असे मथळे आले. पण हिशेब असा : ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांना मिळणारी वस्तूंची टोपली वर्षाने १०६ रुपये २१ पैशांना आणि त्यानंतरच्या वर्षी सुमारे १०६ रुपये ४८ पैशांना. टोपली स्वस्त झाली नाही, महाग होण्याचे जवळपास थांबले. भाव खरोखर उतरतात तेव्हा त्याला ‘डिफ्लेशन’ म्हणतात. नुसता वेग कमी होतो ते ‘डिसइन्फ्लेशन’. मराठीत दोन्हींसाठी ‘महागाई घटली’ असेच लिहिले जाते आणि तिथेच गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचा वाद सुरू होतो.

सोलापूरची वाढ ४४ वरून ९ टक्क्यांवर का आली?

वेग आणि रक्कम यांची गल्लत लोकसंख्येतही होते. जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये ६,०४,२१५ होती. २००१ मध्ये ती ८,७२,४७८ झाली आणि २०११ मध्ये ९,५१,५५८. पहिल्या दशकातली वाढ ४४.४ टक्के, दुसऱ्यातली ९.०६ टक्के. ‘ग्रोथ रेट’ कोसळला असे म्हणता येईल, पण शहर आकसले नाही. दुसऱ्या दशकातही ७९ हजारांहून अधिक माणसे वाढली.

शिवाय ४४ टक्क्यांच्या आकड्यामागे आणखी एक कारण आहे. १९९२ मध्ये महापालिकेची हद्दवाढ झाली आणि आजूबाजूची गावे शहरात आली. महापालिकेचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. म्हणजे त्या दशकातल्या वाढीचा एक भाग माणसांचा नव्हे, हद्दीच्या रेषेचा होता. आधी आणि नंतर मोजलेली वस्तू एकच आहे का, हे पाहिल्याशिवाय टक्केवारीची तुलना करता येत नाही.

‘तीन टाइम्स मोअर’ म्हणजे तिप्पट की चौपट?

विक्री १०० वरून ३०० झाली तर ती ‘तिप्पट झाली’. वाढ मात्र २०० टक्के. इंग्रजीतल्या ‘थ्री टाइम्स मोअर’चा अर्थ कुणी ३०० लावतो, कुणी ४००. मराठीतही ‘तिपटीने वाढली’ असे लिहिले की हाच गोंधळ होतो. ‘तिप्पट झाली’ म्हटले की शंका उरत नाही.

विभक्ती प्रत्ययांचेही तसेच. विक्री ‘२० टक्क्यांनी वाढली’ आणि वाटा ‘२० टक्क्यांवर गेला’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. इंग्रजीत हा फरक ‘बाय’ आणि ‘टू’ या दोन छोट्या शब्दांवर उभा असतो. भाषांतर करताना तो निसटला की बातमीचा अर्थच बदलतो.

‘मार्जिन’, ‘मार्कअप’ आणि ‘डिस्काउंट’चा हिशेब कसा?

८०० रुपयांना घेतलेली वस्तू १००० ला विकली तर नफा २०० रुपये. खरेदीवर मोजला तर २५ टक्के, तो ‘मार्कअप’. विक्रीवर मोजला तर २० टक्के, ते ‘मार्जिन’. ही गल्लत करून २५ टक्के मार्जिन आहे असे समजून कुणी २५ टक्के सूट दिली, तर वस्तू ७५० रुपयांना जाईल आणि ५० रुपये पदरचे जातील.

‘५० टक्के अधिक २० टक्के ऑफ’ म्हणजे ७० टक्के सूट नव्हे. १००० चे ५००, त्यावर २० टक्के म्हणजे ४००. सूट ६० टक्के. ‘अप टू ५० टक्के’ ही कमाल मर्यादा आहे, सगळ्या मालावरचे आश्वासन नाही.

‘एक्स्पोनेन्शियल’ आणि ‘सीएजीआर’ला मराठीत शब्द आहे का?

आहे, आणि तो जुना आहे : चक्रवाढ. वाढीवर वाढ होत गेली की ती एक्स्पोनेन्शियल. नुसती झपाट्याने झालेली वाढ तशी असेलच असे नाही. दरवर्षी १० हजारांची भर पडली तर ती सरळ वाढ, दरवर्षी १० टक्क्यांची पडली तर चक्रवाढ. ‘सीएजीआर’ म्हणजे वार्षिक चक्रवाढ दर. पाच वर्षांत एक लाखाचे दोन लाख झाले तर ‘१०० टक्के परतावा’ हे खरे. त्याला पाचने भागून ‘दरवर्षी २० टक्के’ म्हणणे मात्र चूक. चक्रवाढीने तो दर १४.९ टक्के येतो. मुदत ठेवीच्या व्याजाशी तुलना करायची तर हाच आकडा घ्यावा लागतो.

मग आकडा वाचताना काय विचारावे?

तीन प्रश्न पुरतात. वाढ कशावर मोजली, म्हणजे मूळ आकडा किती? वाढले ते काय, रक्कम, दर की वेग? आणि किती काळात? शब्द इंग्रजी असो वा मराठी, या तिन्हींचे उत्तर मिळत नसेल तर मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडून टक्क्यांचे रुपये करून पाहावेत. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तर नक्कीच.