वजनाची वही

 

आज मी वजनाविषयी बोलणार आहे. आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "वजन वाढणे हे शहरातल्या लोकांचे दुखणे. आम्हा खेड्यातल्या माणसांना त्याचे काय?" पूर्वी हे म्हणणे पुष्कळ अंशी खरे होते. आता मात्र नांगरट ट्रॅक्टर करतो, विहिरीचे पाणी मोटार उपसते आणि माणूस गिरणीवर दळण आणायलासुद्धा मोटारसायकलने जातो. चहा तेवढा दिवसातून चार-पाच वेळा होतो, आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असते. तेव्हा आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासायला जी रांग लागते, ती आपल्याच गावच्या माणसांची असते.

वजन कसे उतरवावे हे सर्वांना साधारणपणे ठाऊक असते. तेल-तूप, साखर आणि तळलेले कमी करावे, भाजी-उसळ वाढवावी, रोज पाऊण तास झपाट्याने चालावे. खरी अडचण पुढे येते. पहिल्या महिन्यात उत्साह असतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काटा हलेनासा होतो. मग माणूस म्हणतो, "जाऊ द्या, आपल्या अंगकाठीतच ते नाही," आणि सगळे सोडून देतो. ही वेळ कशी निभावून न्यावी, एवढाच आजचा विषय आहे.

माझ्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. वय बावन्न, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. त्यांच्या थोरल्या भावाला मधुमेह. भावाच्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी पाय घोट्याच्या वर कापावा लागला. त्याच आठवड्यात गुरुजींनी स्वतःचे रक्त तपासून घेतले. उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. हा आकडा १०० च्या आत असावा. तो १२६ किंवा त्याहून अधिक असला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर तो मधुमेह. म्हणजे गुरुजी उंबरठ्यावर उभे होते.

त्यांनी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा सोडून दिली. रोज सकाळी उठून काट्यावर उभे राहायचे. आकडा उतरला की दिवस आनंदात, चढला की घरात चिडचिड. बाई म्हणायच्या, "अहो, काटा तुमच्यावर रागावतो आणि तुम्ही आमच्यावर!"

तिसऱ्या वेळी उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी त्यांना विचारले, "गुरुजी, तुम्ही मुलाची परीक्षा एकाच विषयात घेता का?"

"छे, सगळ्या विषयांत घेतो."

"मग शरीराची परीक्षा एकट्या वजनावर का घेता?"

गुरुजींनी त्याच दिवशी शंभरपानी वही घेतली आणि पट्टीने रकाने आखले. ते रकाने आता एकेक करून पाहू.

पहिला रकाना वजनाचाच. वजन टाकायचे नाही, पण ते आठवड्यातून एकदाच करायचे. वार ठरलेला, काटा तोच, वेळ सकाळची. शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, हलक्या कपड्यांत. रोज का नको? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. आदल्या दिवशी लोणचे-पापड जास्त झाले तर मीठ अंगात पाणी धरून ठेवते. स्त्रियांचे वजन पाळीच्या आधी पाण्यामुळे वाढते. अशा कारणांनी एका दिवसात किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. त्यात चरबीचा काही संबंध नसतो. म्हणून आजचा आकडा कालच्याशी ताडून पाहू नये, चार आठवड्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहावा.

दुसरा रकाना कंबरेचा. शिंप्याकडची टेप चालते. उभे राहावे, श्वास सहज सोडावा, आणि शेवटची बरगडी व कंबरेचे हाड यांच्या मधोमध, कातडीवर, टेप न आवळता घेर मोजावा. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीचा ८० च्या आत असावा. महिन्यातून एकदा मोजले तरी पुरे. आपल्या लोकांनी हा रकाना विसरू नये, कारण हातपाय सडपातळ असूनही पोटात चरबी साठण्याची खोड आपल्यात अधिक आहे. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ साली दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरली. काट्याला हा फरक कळत नाही. टेपेला पुष्कळसा कळतो.

तिसरा रकाना रक्तदाबाचा. तपासण्यापूर्वी पाच मिनिटे पाय जमिनीवर टेकून शांत बसावे. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. वजन एक किलो उतरले की वरचा आकडा साधारण एका अंकाने उतरतो, असा अनुभव आहे. हे ऐकायला थोडे वाटते, पण पाच-सहा अंक उतरणे हृदयाच्या आणि मेंदूच्या दृष्टीने फार मोलाचे असते.

चौथा रकाना साखरेचा, दर तीन महिन्यांनी. उपाशीपोटीच्या साखरेबरोबर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी होत असेल तर तीही करून घ्यावी. तिला आदल्या दिवशीचा उपास फसवू शकत नाही.

पाचवा रकाना दमाचा, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. गुरुजींनी शाळेच्या फाटकापासून मारुतीच्या देवळापर्यंतचा रस्ता ठरवून टाकला. दर पंधरा दिवसांनी तो घड्याळ लावून चालायचा आणि मिनिटे लिहायची. पहिल्या दिवशी २३ मिनिटे लागली आणि वाटेत दोनदा थांबावे लागले. चार महिन्यांनी १८ मिनिटे लागली. थांबणे नाही, आणि सोबत्याशी बोलणेही चालू होते.

सहावा रकाना सर्वांत महत्त्वाचा. यात निकाल लिहायचा नाही, केलेले काम लिहायचे. आज चाललो की नाही? चहात साखर किती? रात्री वेळेवर जेवलो का? झोप किती झाली? काटा उतरणे आपल्या हातात नाही. चालायला निघणे आपल्या हातात आहे. आठवड्याच्या सात दिवसांत पाच दिवस खूण झाली तर आठवडा पास, असा गुरुजींचा नियम.

आता आपण त्या अडचणीच्या काळाकडे वळू. पहिल्या दोन आठवड्यांत वजन भराभर उतरते. त्यातला बराचसा भाग पाण्याचा असतो, कारण यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो त्याला पाणी धरून असते आणि तो साठा आधी खर्च होतो. नंतर चरबीची पाळी येते, आणि ती सावकाश जाते. शिवाय वजन उतरलेल्या शरीराला इंधनही कमी लागते. पाठीवरचे पाच किलोंचे ओझे उतरले की तोच रस्ता चालायला कमी श्रम पडतात. म्हणजे पूर्वीइतकेच चालून पूर्वीइतकी चरबी आता जळत नाही. त्यात घरातली पळी नकळत पुन्हा सैल होऊ लागते. म्हणून काटा थांबतो. यात नशिबाचा काही दोष नाही.

गुरुजींचा काटा चौथ्या महिन्यात ७८ वर थांबला. सहा आठवडे तो तिथून हलला नाही. आधीच्या दोन्ही वेळा त्यांनी इथेच हात टेकले होते. या वेळी त्यांनी वही उघडली. त्या सहा आठवड्यांत कंबर दोन सेंटिमीटरने उतरली होती. रक्तदाब १४८ वर ९४ वरून १३८ वर ८८ झाला होता. साखर १०८ वर आली होती. एक साक्षीदार गप्प होता, बाकीचे बोलत होते. मग त्यांनी दोनच गोष्टी केल्या. महिन्याचे तेल मापून वेगळ्या बरणीत काढायला लावले, आणि चालणे दहा मिनिटांनी वाढवले.

केवळ एका गुरुजींची ही गोष्ट आहे असे कोणी समजू नये. चेन्नईचे डॉक्टर रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर तीन वर्षे लक्ष ठेवले आणि त्याचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केला. ज्या गटाला फक्त नेहमीचा सल्ला दिला होता, त्यात १०० पैकी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांनी खाणे सुधारले आणि चालणे ठेवले, त्यांच्यात हा आकडा ३९ च्या आसपास राहिला. आणि गंमत अशी, की या दुसऱ्या गटाचे वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते! त्यांनी काट्याकडे पाहून चालणे सोडले असते तर?

याचा अर्थ वजन उतरवण्यात लाभ नाही असा नव्हे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका मोठ्या पाहणीत सात टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, एवढेच ध्येय दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८२ किलोंच्या माणसाचे सात टक्के म्हणजे पावणेसहा किलो. तरुणपणीच्या वजनावर परत जाण्याची काही गरज नाही. आळंदीहून निघालेला वारकरी रोज आजच्या मुक्कामापुरते पाहतो. पंढरपूर अठरा-वीस दिवसांनी येते. तसे पहिले चार किलो हा आपला पहिला मुक्काम समजावा.

सणावारांचेही सांगतो. दिवाळीत करंजी खाल्ली म्हणून व्रत मोडत नाही. एका दिवसाच्या जेवणाने काही होत नाही. "आता मोडलेच आहे, तर संक्रांतीनंतर पाहू" या विचाराने होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला निघावे, आणि काट्यावर मात्र आठवड्याने उभे राहावे.

गुरुजींच्या बाईंनी दोन महिन्यांनी त्याच वहीत आपले पान सुरू केले. घरातल्या बाईचे दुखणे सहसा कोणी लिहून ठेवत नाही, तीही ठेवत नाही. त्यांचे गुडघे दुखत. आठ महिन्यांत त्यांचे वजन तीनच किलो उतरले. पण आता त्या जमिनीवर मांडी घालून बसतात आणि हात न टेकता उठतात. गुडघेदुखीच्या माणसाचे एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. म्हणजे तीन किलोंमागे पावलागणिक बारा किलो हलके झाले.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरताना त्यांचे प्रमाण कमी करावे लागू शकते. घाम सुटला, हातपाय थरथरले, उठताना अंधारी आली, तर डॉक्टरांना दाखवावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दुसरे, प्रयत्न न करता वजन उतरू लागले तर आनंद मानू नये. खोकला, ताप, फार तहान किंवा फार लघवी असेल तर क्षय किंवा मधुमेहाची तपासणी लगेच करावी. तिसरे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हा उद्योग करू नये. चौथे, उपाशी राहू नये. उपाशी माणूस चार दिवस टिकतो आणि पाचव्या दिवशी दुप्पट जेवतो.

शिक्षकांना एक विनंती आहे. काटा, टेप आणि घड्याळ शाळेत असतेच. महिन्याच्या एका रविवारी ते गावातल्या मोठ्या माणसांसाठी बाहेर काढावे. आशाताईंना बोलवावे. ज्याची त्याची वही ज्याच्या त्याच्या हातात असावी. आकडे मोठ्याने वाचून कोणाची थट्टा होऊ देऊ नये. मुलांचे वजन मात्र या हिशेबात आणू नये, ती वाढत्या वयाची असतात.

गुरुजींना आता वर्ष झाले आहे. वजन ७६ वर आहे, साखर १०२, कंबर ९४. म्हणजे काम अजून संपलेले नाही. दर रविवारी त्यांचा थोरला भाऊ कुबडी टेकत ओट्यावर येऊन बसतो आणि म्हणतो, "हं, वाच रे, या आठवड्याला काय लिहिलंस?" गुरुजी वाचून दाखवतात. मग कंदिलासारखी विजेरी हातात धरून भावाचा राहिलेला पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, नीट तपासतात, आणि तेही वहीत लिहितात. त्यासाठी त्यांनी सातवा रकाना आखला आहे.

तुमच्या घरात मुलांची एखादी अर्धी कोरी वही पडलेली असेलच. या रविवारी तिच्यात रकाने आखा. नमस्कार!