धनंजयच्या जागी 'ती'

वाचकहो, हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा गुप्तहेर धनंजय आणि त्याचा सोबती छोटू तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. आता कल्पना करा, की हा धनंजय स्त्री आहे. मग काय काय बदलेल? 'तो आला' ऐवजी 'ती आली' एवढे केले, की झाले का? नाही हो. तपासाची वाटच बदलते.

समजा, जासईत एखाद्या घरातून सोन्याची पाटली नाहीशी झाली. धनंजय ओटीवर बसून घरधन्याला प्रश्न विचारील. बाई गुप्तहेर मात्र थेट मागील दारी जाईल. आज चूल उशिरा का पेटली, रोजची भांडीवाली का आली नाही, हे तिला न विचारता दिसेल. शिवाय ती आली म्हणून तिथले बोलणे कुणी थांबविणार नाही.

इंग्लंडच्या अगाथा ख्रिस्तीबाईंनी हेच हेरले. त्यांची मिस मार्पल १९३० मध्ये कादंबरीत आली. ही खेड्यात राहणारी, विणकाम करणारी वृद्ध बाई. गावची माणसे तिने पारखलेली. त्या ओळखीच्या बळावर ती खुनी शोधून काढते. पुढे २०१८ मध्ये 'मिस शेरलॉक' या जपानी मालिकेने तर शेरलॉक होम्सलाच स्त्री केले.

हे केवळ कथेतच घडते असे समजू नका. मुंबईच्या गुप्तहेर रजनी पंडित एका खुनाच्या तपासासाठी मोलकरीण बनून संशयित बाईच्या घरी राहिल्या. संशय येताच त्यांचे बाहेर जाणे बंद झाले. मारेकरी घरी आला, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुरीने स्वतःचा पाय कापून घेतला, मलमपट्टीच्या निमित्ताने बाहेर पडल्या आणि दूरध्वनीवरून निरोप दिला. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

आता शिक्षकांसाठी दोन शब्द. "शेजारच्या काकूंचं दार आज बंद का?" असे मुलाने विचारले, तर आपण म्हणतो, "पोरगा चौकस आहे." मुलीने विचारले, तर म्हणतो, "नसत्या चौकशा करू नकोस." नजर तीच, पण एकाची हुशारी, दुसरीचा भोचकपणा! म्हणून वर्गात एखादी गुप्तहेरकथा सांगा आणि नायकाच्या जागी नायिका घालून ती लिहायला लावा. तिला कोणता पुरावा आधी दिसेल, ते मुलींना विचारा. मात्र उत्तर देताना त्यांना मध्येच थांबवू नका.